घराचा नकाशा, घरातले सूक्ष्मजीव आणि आईचा खोकला: बेसा येथील नव्या घराविषयी

प्रश्न: महालकर

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, परंतु माहिती अर्धवट दिली तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचे कुटुंब नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात राहत होते. मधोमध चौक, दीड हात जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर कवेलूंचे (कौलांचे) छप्पर. वाटणीनंतर वाडा गेला आणि आम्ही मनीषनगरकडे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅट दिसायला नीटनेटका आहे. मात्र सरकत्या काचांमुळे एका वेळी अर्धीच खिडकी उघडते, दोन्ही न्हाणीघरांचे झरोके आतल्या डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडे तोंड करून आहेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेले कपाट सरकवले तेव्हा मागे परातीएवढा काळ्या बुरशीचा डाग निघाला. रंगाऱ्याने तो खरवडून वर ओल अडवणारा रंग मारला. पुढच्या श्रावणात डाग दोन फूट बाजूला सरकून पुन्हा उगवला.

आई 68 वर्षांची आहे. यंदा एप्रिलपासून तिला कोरडा खोकला आहे आणि जिना चढताना दम लागतो. मे महिन्यात लग्नाच्या निमित्ताने आम्ही आठ दिवस पवनीला मामांकडे होतो. तिथे ती अंगणात बाजेवर झोपत असे आणि खोकला जवळजवळ थांबला होता. परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा सुरू झाला. सात वर्षांच्या मुलाला सर्दी सतत असते, पण ती शाळेतूनही येत असेल, म्हणून तिचे खापर मी घरावर फोडत नाही.

आता बेसा येथे 1500 चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधायचे ठरले आहे आणि नकाशाचा पहिला खर्डा टेबलावर आहे. दिवाणखान्याची एक बाजू पूर्ण बंद काचेची, सर्व खोल्यांना एसी, आणि दोन्ही न्हाणीघरे घराच्या पोटात, ‘एक्झॉस्ट पंख्याने भागेल’ या आश्वासनावर. वडिलांचे म्हणणे असे की वाड्यात जमीन शेणाने सारवलेली होती, चौकात गाय होती, तरी कुणी आजारी पडत नसे, कारण मातीतले जंतू आपलेच असतात. धाकट्या भावाचे म्हणणे नेमके उलटे: घर जितके बंद तितके जंतू कमी, शिवाय जंतुनाशक रंग लावावा आणि हवा शुद्ध करणारे यंत्र बसवावे. रोज जेवताना हा वाद होतो आणि मला दोघांनाही उत्तर देता येत नाही.

इमारतीच्या रचनेमुळे घरातले सूक्ष्मजीव खरोखर बदलतात का? बदलत असतील तर प्रकृतीवर त्याचा किती परिणाम होतो? आणि नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी त्यात काय बदलावे?


उत्तर: सूक्ष्मदर्शी

मी येथील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. महालकर, तुमचे वडील आणि भाऊ भांडत असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे, ते म्हणजे घरात जंतू किती आहेत यावर सगळे अवलंबून असते. प्रत्यक्षात संख्येपेक्षा ते कुठून आले आणि त्यांना पाणी कुठे मिळते, या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

घरातल्या हवेत आणि धुळीत जे सापडते त्याचा मोठा वाटा आपलाच असतो. त्वचेचे कण, श्वास, खोकला यांतून आपण ते सतत सोडत असतो. अमेरिकेत 7 कुटुंबांच्या घरांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंब नव्या घरात गेले की काही दिवसांतच ते घर जुन्या घरासारखे, म्हणजे त्या माणसांच्या जंतूंचे होते, असे त्यात दिसले. दुसरा वाटा बाहेरून येतो, म्हणजे माती, झाडे, गुरे यांच्याकडून. खिडकी कुठे आहे आणि हवा कशी फिरते यावर या दोन वाट्यांचे प्रमाण ठरते. ऑरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका रुग्णालयातल्या खोल्यांची तुलना केली होती (2012). यंत्राने हवा पुरवलेल्या खोल्यांत जिवाणूंची विविधता कमी होती आणि माणसाला रोग देणाऱ्या जिवाणूंच्या जवळच्या नात्यातले जिवाणू प्रमाणाने जास्त होते. उघड्या खिडकीच्या खोल्यांत बाहेरचे, बहुतांशी निरुपद्रवी जिवाणू मिसळले होते. जवळच्या नात्यातले म्हणजे रोगजंतूच असे नव्हे, हे मी वर्गातही दरवर्षी दोनदा सांगते. तरीही ‘बंद म्हणजे स्वच्छ’ हे भावाचे समीकरण यामुळे डळमळते. घर बंद केले की बाहेरचे जंतू कमी होतात, आपले मात्र आतच साचतात. घरात एकाला क्षय किंवा फ्लू असेल तर हे साचणे घातक ठरते.

वडिलांच्या बाजूनेही पुरावा आहे, पण त्यांना वाटतो तितका सरसकट नाही. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचे मूळ आणि आहार सारखा. आमिश मात्र घोड्यांनी शेती करतात आणि त्यांचे गोठे घराला लागून असतात, तर हटराइटांची शेती यंत्रांवर चालते आणि मोठी, घरापासून दूर असते. शाळकरी मुलांतले दम्याचे प्रमाण आमिशांत 5.2 टक्के, तर हटराइटांत 21.3 टक्के आढळले, आणि आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतला एंडोटॉक्सिन हा घटक 6.8 पट होता. याचा अर्थ असा की लहानपणी गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलाच्या प्रतिकारशक्तीला वेगळे वळण लागते. 68 वर्षांच्या बाईंना आज शेणाने सारवलेल्या जमिनीवर झोपवल्याने दमा टळतो, असा मात्र याचा अर्थ होत नाही. शिवाय गाय आणि बुरशी या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात, सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात आणि इतवारीतल्या गोदामातही. ते घरात येऊ नयेत म्हणून धडपडण्यात अर्थ नाही, कारण पाणी मिळाल्याशिवाय ते उगवत नाहीत. भिंतीच्या पृष्ठभागालगत सापेक्ष आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की पुरते, पाणी ठिबकण्याचीही गरज नसते. कपाटामागे हवा फिरत नाही आणि पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, म्हणून डाग तिथेच आला. रंग मारल्यावर पाणी बाजूने वाट काढते आणि डाग सरकतो, हे तुम्ही स्वतःच पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही बुरशीची कोणतीही ‘सुरक्षित’ मोजदाद ठरवलेली नाही. ओल रोखा, असेच त्यांचे सांगणे आहे. जंतुनाशक रंगावर वर्षभरात धूळ बसते आणि बुरशी त्या धुळीवर जगते, त्यामुळे ते पैसे वाचवा.


उत्तर: माजघर

मी इतवारीत वाढले, वय 71. वाड्याचे कौतुक ऐकले की मला आमची बाळंतिणीची खोली आठवते. एकच झरोका, तोही चिंधीने बुजवलेला, खाली शेगडी, आणि धुराने डोळे चुरचुरत असताना बाहेरून कुणी दार उघडले तर ‘वारा लागेल’ म्हणून ओरडा. चौक हवेशीर होता हे खरे, पण चौकाची हवा पुरुषांना मिळत होती. माझ्या एका काकांना क्षय होता आणि त्यांना सगळ्यांत आतल्या, सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत ठेवले होते, आणि त्यांचे ताट नेऊन देणारी माझी चुलतबहीणही पुढे त्याच आजाराने गेली. वाड्यात कुणी आजारी पडत नसे, हे महालकरांच्या वडिलांनी त्या घरातल्या बायकांना एकदा विचारून पाहावे.


उत्तर: विटांचा माणूस

गेली 22 वर्षे नागपुरात घरांचे नकाशे काढतो आहे. माजघर ताईंनी लिहिले ते आमच्या धंद्यातल्या लोकांनी मुद्दाम वाचावे, कारण नकाशात चौक काढला की घर हवेशीर झाले अशी आमची समजूत असते, आणि आतल्या खोलीपर्यंत वारा पोहोचतो का, हे कुणी पाहत नाही.

हवा बदलण्याचे महत्त्व किती, हे पेरू देशातल्या लिमा शहरातल्या एका अभ्यासातून (2007) चांगले कळते. क्षयाचे रुग्ण ठेवण्याच्या खोल्यांत दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला साधारण 28 वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा काढणाऱ्या खास खोल्यांसाठी 12 वेळांचे प्रमाण धरले होते. त्यातही 1950 पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा 40 वेळा, तर नव्या इमारतींत 17 वेळाच बदलत होती. लिमाची हवा वर्षभर सौम्य असते आणि आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ अति उष्ण दिवसांत, पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे दुपारी खिडक्या उघडा असे मी सांगणार नाही. दिवसा बंद आणि रात्री उघडे, ही इथली जुनी रीत योग्यच आहे. पण रात्री उघडायला खिडकी उघडणारी हवी. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश आणि उष्ण-दमट हवामानासाठी एक-षष्ठांश इतकी उघडी जागा सांगितली आहे. नागपुरात मे महिन्यात पहिले हवामान आणि ऑगस्टमध्ये दुसरे असते, म्हणून मी एक-षष्ठांशच धरतो. सरकत्या काचेची निम्मीच जागा मोजावी लागते. बंद काचेची जागा हिशेबात येतच नाही, ऊन मात्र पुरेपूर आत येते.

उन्हाचा एक फायदा आहे, तो सांगायला हवा. ऑरेगॉन विद्यापीठातच धुळीचे नमुने छोट्या बंदिस्त कप्प्यांत 90 दिवस ठेवून पाहिले होते (2018). अंधारात सुमारे 12 टक्के जिवाणू जिवंत राहिले, काचेतून येणाऱ्या उजेडात 6.8 टक्के. म्हणजे उजेडाने निम्मे काम होते, सगळे नव्हे. तेवढ्यासाठी पश्चिमेला काचेची भिंत उभारून वर्षभर एसीचे बिल भरणे मला पटत नाही. सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीतून घ्यावे आणि पश्चिमेला जाड भिंत व दोन फुटांचा छज्जा द्यावा.

आता कूलर. या विषयावर परदेशी अभ्यासांत फारसे सापडणार नाही, पण नागपूरच्या घरात याच्याइतके महत्त्वाचे यंत्र नाही, आणि तरीही मला आजवर एकाही नकाशात कूलरची जागा काढलेली दिसली नाही. 12 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण 41 घनमीटर हवा मावते. तासाला 2000 घनमीटर हवा फेकणारा कूलर बाहेरची हवा घेत असेल, तर कागदावर तरी ती हवा तासाला जवळपास 50 वेळा बदलते. एसी मात्र खोलीतलीच हवा गोल फिरवतो, बाहेरची घेत नाही. म्हणजे सर्दी-खोकल्याच्या जंतूंचा विचार केला तर कूलर उत्तम. पण त्यासाठी समोरून हवेला बाहेर पडायला वाट हवी. ‘थंडावा जाईल’ म्हणून लोक समोरची खिडकी लावून घेतात, मग हवा बदलत नाही, नुसती दमट होत जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर गाद्यासुद्धा ओलसर लागतात.

दुसरी गोष्ट याहून वाईट. कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर टांगलेला असतो. मागची ताटी (गवत बसवलेली चौकट) काढायची तर शिडी लावावी लागते, तिसऱ्या मजल्यावर तर तीही लावता येत नाही, म्हणून ती कुणी काढतच नाही. टाकीतला गाळ, ताटीतले कुजलेले गवत, आणि त्यातून गाळून आलेली हवा थेट उशाशी. म्हणून माझ्या नकाशात उत्तरेच्या खिडकीबाहेर दोन-अडीच फुटांचा ओटा, त्याला नळ, खाली निचऱ्याचे छिद्र, आणि घरातून तिथे जायला छोटे दार असते. ज्याला हात पोहोचतो तेच धुतले जाते.

तुमच्या खर्ड्यात सगळ्यांत आधी न्हाणीघरे बाहेरच्या भिंतीला न्या, स्वतःच्या प्लॉटवर ती घराच्या पोटात ठेवण्याचे कारणच नाही. एक्झॉस्ट पंखा तेव्हाच काम करतो जेव्हा दाराखाली इंचभर फट असते आणि आत येणारी हवा त्याला मिळते. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर कंत्राटदाराने खरोखर टाकला की नाही, हे उभे राहून पाहा. आतल्या भिंतींना चुना परवडला तर उत्तम. तो क्षारधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाही आणि भिंतीतली वाफ कोंडत नाही. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. एसी लावलात तर त्याच्या पाण्याची नळी भिंतीवर न सोडता निचऱ्याला जोडावी.


उत्तर: फुप्फुसतज्ज्ञ

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. येथे कुणाचे निदान करणे उचित नाही आणि मी ते करणार नाही. तरीही महालकरांनी पवनीच्या आठ दिवसांविषयी जे एक वाक्य सहज लिहिले आहे, ते मला संपूर्ण प्रश्नात सर्वांत महत्त्वाचे वाटले. घर सोडल्यावर बरे वाटणे आणि परतल्यावर दोन-तीन दिवसांत त्रास पुन्हा सुरू होणे, ही माहिती रुग्ण बहुधा सांगत नाहीत आणि आम्हीही विचारायला विसरतो.

कोरडा खोकला, चढताना दम, आणि जागा बदलल्यावर उतार, अशा वेळी दम्याबरोबरच ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ या आजाराचा विचार करावा लागतो. हा संसर्ग नव्हे. बुरशीचे बीजाणू, काही जिवाणू किंवा पक्ष्यांची विष्ठा व पिसे यांचे बारीक कण श्वासातून वारंवार आत गेल्याने काही व्यक्तींच्या फुप्फुसांत प्रतिकारशक्तीची तीव्र प्रतिक्रिया होते. कारण वेळेत दूर झाले तर बराचसा त्रास ओसरतो, वर्षानुवर्षे चालू राहिले तर फुप्फुसात व्रण पडतात आणि ते मागे फिरत नाहीत. एकाच घरातल्या पाच जणांपैकी एकालाच तो होऊ शकतो, त्यामुळे ‘आम्हाला तर काही झाले नाही’ या युक्तिवादाने काही सिद्ध होत नाही.

कूलरविषयी विटांचा माणूस यांनी लिहिले त्याला भारतातल्याच आकड्यांची जोड देतो. फुप्फुसाच्या अंतर्गत ऊतीच्या आजारांची देशभरातल्या 27 केंद्रांची नोंदवही 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या 1084 रुग्णांपैकी 47.3 टक्के रुग्णांना हाच आजार असल्याचे निदान झाले, आणि त्यांच्यापैकी 48.1 टक्के रुग्णांचा एअर कूलरशी संपर्क होता. संपर्क म्हणजे कारण नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशी कुणाचा संपर्क नसतो? पण ओले, न बदललेले गवत आणि त्यावरून वाहणारी हवा ही बुरशी फुप्फुसात पोहोचवण्याची इतकी सोयीची व्यवस्था आहे की मी प्रत्येक रुग्णाला कूलरबद्दल विचारतो. त्या टाकीत डासांच्या अळ्याही वाढतात. एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी, हा नियम दोन्हींसाठी एकच आहे. पावसाळा लागला की कूलर बंद करावा.

दोन भीती मात्र अनाठायी आहेत. एसीमुळे न्यूमोनिया होतो अशी जी समजूत आहे तिचे मूळ 1976 च्या फिलाडेल्फियातल्या साथीत आहे. तिथे एका हॉटेलात भरलेल्या अधिवेशनाला आलेल्यांपैकी 29 जण दगावले आणि पुढे लिजिओनेला हा जिवाणू सापडला. पण तो मोठ्या इमारतींच्या शीतकरण मनोऱ्यांतल्या कोमट पाण्यात वाढतो, घरगुती स्प्लिट एसीत तसे पाणी नसते. दुसरी भीती 2021 पासूनची, भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस, कोविडच्या रुग्णांत तेव्हा दिसलेला गंभीर बुरशीसंसर्ग. भिंतीवरच्या काळ्या डागातल्या बुरशी सहसा वेगळ्या असतात, आणि त्या साथीत अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड यांचा वाटा मोठा होता.

महालकर, आईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, पवनीचा अनुभव आणि कूलरची माहिती आपणहून सांगा. फुप्फुसाच्या कार्याची चाचणी आणि गरज वाटल्यास सीटी स्कॅन ते सुचवतील. हवा शुद्ध करणारे यंत्र सध्या घेऊ नका. उगम तसाच ठेवून हवा गाळण्यात काही हशील नाही. एक विचारायचे राहिले: न्हाणीघरांच्या त्या डक्टमध्ये कबुतरे आहेत का?


महालकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचा शेवटचा प्रश्न वाचून मी न्हाणीघराच्या झरोक्यातून मोबाइल बाहेर धरून फोटो काढला. डक्टच्या तळाशी आणि पाइपांवर वीतभर विष्ठा साचलेली आहे, दोन घरटी आहेत, आणि आमचा एक्झॉस्ट पंखा गेल्या दिवाळीपासून बंद असल्याने तिथली हवा उलट आत येत होती. नंतर कूलर उघडला. तो आईच्या पलंगाच्या उशाशी असलेल्या खिडकीत आहे आणि त्याची मागची ताटी बाहेरून काढता येतच नाही, म्हणून आतून पुढचा भाग सोडवावा लागला. गवत दोन उन्हाळ्यांपूर्वीचे होते, हाताला शेवाळासारखे बुळबुळीत लागत होते आणि वास कपाटामागच्या वासासारखाच होता. आता दोषी कूलर, कबुतरे की भिंत, हे मला सांगता येणार नाही. आईला तूर्त समोरच्या खोलीत हलवले आहे आणि सोमवारी तपासणीची वेळ घेतली आहे.

माजघर ताईंचे लिखाण वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने मात्र स्वयंपाकघरातून विचारले की नव्या घरात चुलीचा, म्हणजे आताच्या गॅसचा ओटा खिडकीखाली येणार आहे की नाही. खर्ड्यात तो आतल्या भिंतीला होता.

वास्तुविशारदांशी काल बोललो. न्हाणीघरे बाहेरच्या भिंतीला न्यायला ते तयार आहेत, काचेच्या भिंतीबद्दल अजून नाराज आहेत, आणि कूलरच्या ओट्याचे नाव काढताच त्यांनी विचारले, “एसी असताना कूलर कशाला?” विटांचा माणूस, त्या ओट्याचे आणि छोट्या दाराचे माप इथे देता आले तर बरे होईल, म्हणजे पुढच्या भेटीत ते सरळ समोर ठेवता येईल.